पावसाची पिशवी

"हे फुकट आहे, घ्या!" असं म्हणून ते समोरच्याच्या तळहातावर पाच चिंचोके ठेवायचे आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटवायचे. समोर सहा वर्षांची मुलगी असो की बँकेतून निवृत्त झालेले साहेब असोत, पद्धत तीच. एकदा मूठ मिटली की माणूस खेळात आला, अशी त्यांची समजूत होती. आणि खरं सांगते, मिटलेली मूठ उघडून चिंचोके परत करणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या लहानशा टूर कंपनीत ते टूर मॅनेजर होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मी एरवी ऑफिसात बुकिंग बघायची, पण दिवाळीच्या सुट्टीतल्या अंदमानच्या टूरला त्यांच्या मदतीला जायची. गोळ्या-औषधं, हरवलेले चष्मे आणि रुसलेल्या सासवा एवढं माझ्याकडे असायचं. बाकी सगळं भाऊंकडे.

तुम्ही अशा टूरला गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, आपली माणसं घरून चकल्या आणतात, लोणचं आणतात, स्वतःची उशीसुद्धा आणतात, फक्त पाऊस पडेल हा विचार तेवढा घरी ठेवून येतात. बेटावर पाऊस लागला की समुद्रात जाता येत नाही, बोटी बंद, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. सकाळी नवरा-बायको एकमेकांशी गप्पा मारतात. दुपारपर्यंत त्या संपतात, आणि मग दोघं मिळून टूर मॅनेजरला शोधायला निघतात.

अशा वेळी भाऊ आपली पिशवी काढायचे. जुन्या खाकी पँटच्या कापडाची, तोंडाला बुटाची लेस. आत चिंचोके, खडू, सुतळी, लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे आणि रिकाम्या काड्यापेट्या. हॉटेलच्या व्हरांड्यात ते फरशीवर खडूने पट आखायचे आणि फोडलेले चिंचोके फासे म्हणून द्यायचे. पागोळ्यांखाली पेले मांडून कोणाचा आधी भरतो यावर पैजा लावायचे. नारळाच्या करवंट्या गटारातून सोडून त्यांची शर्यत लावायचे. पत्रिकांच्या मागे नाव-गाव-फळ-फूल चालायचं. कोणी विचारलंच, "भाऊ, याचे एक्स्ट्रा चार्जेस?" तर ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "पावसाचं बिल अजून कोणी काढलेलं नाही."

हे सगळे खेळ त्यांच्या वडिलांचे. वडील कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात होते. पावसाळ्यात चाळीतली वीज गेली की चार घरांतली पोरं गोळा करून ते हेच खेळवायचे. पिशवीसुद्धा वडिलांच्या ड्युटीच्या पँटची होती. आता ते म्हातारे होऊन कळव्याला भाऊंच्या घरी राहत होते. भाऊंचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात ते दोघंच, आणि भाऊ टूरवर गेले की फक्त वडील. खालच्या मजल्यावर चुलतभाऊ राहायचा, तो लक्ष ठेवायचा.

भाऊंचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी शिव्याही खाल्ल्या. ते खोटी वेळ द्यायचे नाहीत. बोट कधी सुटणार, असं कोणी विचारलं की दुसरा कोणीही मॅनेजर सांगतो, बस, दोन तासांत. भाऊ सांगायचे, "माहीत नाही." मी एकदा म्हटलं, अहो, लोकांना तेवढाच धीर. तर म्हणाले, "मॅडम, चार वाजता म्हटलं की माणूस चार वाजेपर्यंत खेळत नाही, घड्याळ बघत बसतो. माहीत नाही म्हटलं की पाच मिनिटं चिडतो आणि मग खेळतो."

त्या वर्षी बेटावर पोचलो त्याच दिवशी दुपारी समुद्रावर वादळ आलं. अठ्ठावीस माणसं, सगळी ठाण्यापासून कल्याणपर्यंतची. त्यांत घोडबंदर रोडचे एक साहेब होते. त्यांनी पहिल्याच तासात जाहीर केलं, "आम्ही काय इथे चिंचोके खेळायला आलोय? मी रिव्ह्यू टाकणार आहे. एकच स्टार." भाऊंनी त्यांच्या मुलीची मूठ मिटवली आणि म्हणाले, "टाका ना साहेब. नेटवर्क आलं की मीच सांगतो तुम्हाला."

नेटवर्क फक्त जिन्याच्या वळणावर यायचं, तेही फोन खिडकीबाहेर धरला तर. संध्याकाळी भाऊंना तिथेच फोन आला. वडिलांना श्वास लागला म्हणून चुलतभावाने हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. भाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "कोणाला बोलू नका. लोक सुट्टीवर आलेत." सकाळी बोट सुटली असती तर दुपारचं विमान मिळालं असतं आणि रात्री ते कळव्यात पोचले असते. तेवढंच हवं होतं त्यांना. वडील बोलत असताना पोचायचं.

सकाळी बोट सुटली नाही. आम्ही दोघं एका छत्रीत धक्क्यावर गेलो. खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "कल देखेंगे." भाऊंनी हात जोडून सगळं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची पुढे केली, चहा विचारला आणि समुद्राकडे बोट दाखवलं. समोर लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या. त्याच्या हातात तरी काय होतं?

परत येताना भाऊ एकदम बोलायला लागले. "बाबा सारखे म्हणायचे, मला पण एकदा ने तिकडे. मी म्हणायचो, पुढच्या सीझनला. निघताना विचारायचे, कधी येशील? मी म्हणायचो, रविवारी. मला माहीत असायचं रविवारी जमणार नाही. लोकांना कधी खोटी वेळ दिली नाही मॅडम. त्यांना दर वेळी दिली."

मी छत्री त्यांच्या बाजूला जरा जास्त धरली. तेवढंच सुचलं.

हॉटेलच्या जिन्याच्या वळणावर पोचतो तोच फोन वाजला. भाऊंनी खिडकीबाहेर हात काढून स्पीकर लावला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. चुलतभाऊ रडत होता. "दादा, काका गेले रे. आत्ताच. दहा मिनिटं झाली." मग म्हणाला, "तू कधी पोचतोयस? टाइम सांग. तू येईपर्यंत थांबतो आम्ही."

भाऊंचा फोन धरलेला हात पावसात भिजत होता. एकुलता एक मुलगा. अग्नी त्यांनीच द्यायचा. उद्या येतो, एवढं ते म्हणाले असते तर माणसं थांबली असती. मला वाटलं, म्हणतीलच.

"मला वेळ माहीत नाही रे," ते म्हणाले. "थांबू नका. तूच कर सगळं."

"अरे पण दादा..."

"त्यांनी काय मला एकट्यालाच मांडीवर वाढवलं? तुलाही वाढवलंय माझ्याबरोबर. तुझा हक्क आहे. किती वाजता निघाल?"

"चारला."

भाऊंनी फोन पुसून खिशात ठेवला, तोंड धुतलं आणि व्हरांड्यात गेले. मी म्हटलं, तुम्ही खोलीत बसा, मी बघते. ते म्हणाले, "खोलीत बसून काय करू?" त्या दिवशी त्यांनी कोणाची मूठ मिटवली नाही. पिशवी तोंड उघडून मधोमध ठेवली आणि म्हणाले, "घ्या आपापले." माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आलं नसावं.

चार वाजता करवंट्यांची शर्यत चालू होती. मुलं पावसात ओरडत होती. भाऊ गटाराच्या टोकाला उकिडवे बसले होते, पोचलेली करवंटी उचलून नंबर सांगायला. त्यांनी घड्याळ बघितलं. माझ्याही घड्याळात चारच वाजले होते. एक करवंटी त्यांच्या पायापाशी येऊन पुढे निघून गेली, पण त्यांनी ती उचलली नाही. साहेबांची मुलगी ओरडली, "भाऊकाका, माझी पहिली होती ना!" भाऊ म्हणाले, "हो बाळा, तुझीच पहिली." मी आत जाऊन न्हाणीघराची कडी लावली आणि तोंडात पदर धरून रडले. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं, आणि बाहेर तर हसणं चाललं होतं.

भाऊंनी दिवसभर सगळं निभावून नेलं. चुकले ते संध्याकाळी.

आमच्या टूरमध्ये रोज सात वाजता आरती असायची. सोबत वीतभर उंचीची गणपतीची मूर्ती असायची. भाऊ दणक्यात, भयंकर बेसूर आरती म्हणायचे आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर खोबरं-खडीसाखर ठेवायचे. त्या संध्याकाळी ते हॉलच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मला म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही करा. माझा घसा बसलाय." मी निरांजन ओवाळलं. प्रसाद द्यायला दारापाशी गेले तर त्यांनी हात मागे घेतला. अठ्ठावीस माणसांशी दिवसभर खोटं वागलेल्या माणसाला देवाशी तेवढं वागता आलं नाही.

माजिवड्याच्या एक आजी होत्या, सुनेबरोबर आलेल्या, निवृत्त शिक्षिका. आरतीनंतर त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "भाऊंना कोणाचं सुतक आहे हो?"

मी गप्प राहिले. शब्द दिला होता. आजींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरं," म्हणून निघून गेल्या. शिक्षिकांपुढे गप्प राहणं म्हणजे कबूल करणंच असतं.

दुसऱ्या दिवशीही बोट नव्हती. सकाळी आठला मी खाली आले तर व्हरांड्यात सगळी माणसं फरशीवर मांडी घालून बसलेली. ज्यांचे गुडघे वाकत नव्हते तेसुद्धा. घोडबंदरचे साहेब खडूने पट आखत होते आणि तो वाकडा येत होता. भाऊ आले तसे ते म्हणाले, "भाऊ, हे घर आडवं घ्यायचं की उभं? जरा दाखवा ना." त्या सकाळी बोट कधी सुटणार हे कोणीही विचारलं नाही. चार तास माणसं मन लावून खेळली. लहान मुलंसुद्धा भांडली नाहीत. भाऊ इकडून तिकडे फिरत होते आणि अधूनमधून गोंधळून बघत होते, कारण एवढी शहाणी टूर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

दुपारी जेवायला बसलो. आजी सकाळीच पदर खोचून हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या आणि तिथल्या बंगाली आचाऱ्याला बाजूला उभं केलं होतं. ना मासे, ना गोड, ना तळण. अठ्ठावीस पानांत आणि आमच्या दोघांच्याही, पिठलं आणि भात.

आपल्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, आणि शेजारी पिठलं-भात करून नेतात. तुम्हाला हे मी सांगायला नको. भाऊंनाही कोणी सांगायला नको होतं. त्यांनी समोरच्या ताटाकडे पाहिलं, मग रांगेने सगळ्यांच्या ताटांकडे. सगळे खाली मान घालून बसले होते.

"कोणी सांगितलं?" ते म्हणाले.

"कोणी नाही," आजी म्हणाल्या. "जेवा."

भाऊंचा हात उचलेना. आजी त्यांच्याजवळ खाली बसल्या, भाताचा घास कालवून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. तेव्हा ते रडले. कालपासून अडवलेलं सगळं, मोठ्याने, अठ्ठावीस अनोळखी माणसांसमोर. कोणी उठलं नाही, कोणी समजावलं नाही. साहेब डाव्या हाताने डोळे पुसत जेवत होते.

बोट त्याच्या पुढच्या दिवशी सुटली. भाऊ पोचले तोवर अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या.

दिवसकार्य झाल्यावर ते एकदा ऑफिसला आले, माझ्या टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्ही न्या." टूरचं काम त्यांनी सोडलं. कळव्याचं घर बंद करून ते मोहन्याला लांबच्या बहिणीजवळ राहायला गेले. मध्ये मी फोन केला होता. म्हटलं, "ऑफिसला या ना एकदा, सगळे आठवण काढतात." म्हणाले, "येईन." मी विचारलं, "कधी?" मग म्हणाले, "वेळ नाही सांगत मॅडम."

ते अजून आलेले नाहीत. टूरवर आता मी जाते. गेल्या दिवाळीत बेटावर पुन्हा पाऊस लागला आणि मी पहिल्यांदा ती पिशवी पूर्ण उलटी केली. चिंचोके, खडू, काड्यापेट्या सांडल्या आणि शेवटी चार घड्या घातलेला एक कागद पडला. आमच्याच कंपनीचा अंदमानचा बुकिंग फॉर्म. भाऊंच्या अक्षरात. नावाच्या जागी वडिलांचं नाव. जेवण, कमी तिखट. विमानात, खिडकीची जागा. प्रवासाची तारीख कोरी.

वय लिहिलं होतं एकाहत्तर. वडील गेले तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते.

व्हरांड्यात माणसं वाट बघत होती. कोणीतरी विचारलं, बोट कधी सुटणार. मी म्हटलं, माहीत नाही. फॉर्मची घडी होती तशी केली, पिशवीच्या तळाशी ठेवली आणि चिंचोके वाटायला घेतले.