दाजी राऊळांचं स्वतःचं गाऱ्हाणं

वालावलच्या खाडीपलीकडच्या वाडीत दाजी राऊळांचा आवाज म्हणजे गावाची मालमत्ता. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कुणाची गाय हरवो, कुणाच्या मुलीचं लग्न अडो, दाजी देवासमोर उभे राहून गर्जायचे, "बा देवा म्हाराजा!" आणि मागे उभा असलेला गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" नियम एकच. देवापासून काही चोरून ठेवायचं नाही, आणि सांगायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोकांची किती गुपितं दाजींनी अशी चव्हाट्यावर मांडली असतील!

शहाऐंशी साली त्यांच्याच पोटात कॅन्सरची गाठ निघाली. आधी शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, मग शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडले. मुंबईला नेऊन ऑपरेशन झालं, पोटाची पिशवी बरीचशी काढून टाकली, आणि माणूस वाचला. परत आल्यावर कुडाळच्या डॉक्टरांनी बजावलं, "दाजी, पोट आता थोडंच उरलंय. खाल्लेलं सगळं अंगी लागणार नाही. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दर महिन्याला, जन्मभर. आणि रक्तासाठी या लोहाच्या गोळ्या, रोज."

सुई दाजींना मान्य होती. टोचली, दुखली, म्हणजे औषध पोचलं! पण गोळ्या? "गोळये खाणारो माणूस म्हणजे आजारी माणूस. मी बरो झालंय," असं म्हणून ते गोळ्या मागीलदारच्या माडाच्या मुळात टाकायचे. बायको आनंदी कपाळाला हात लावायची. "माडाक रक्त चढात, तुमका नाय!" मग एके दिवशी तिने कटकट थांबवली. दाजींना वाटलं, हरली बिचारी. हरते कसली!

पुढे होळी आटोपली आणि एका सकाळी दाजींनी खाली पाहिलं. काळं. दुसऱ्या दिवशीही काळंच. पहिल्या वेळी हेच झालं होतं. गाठ परत आली, आता मरण आलं, एवढंच त्यांना कळलं. डॉक्टरांकडे जावं तर ते पुन्हा मुंबईला धाडतील, पुन्हा पोट फाडतील, या धास्तीने तिकडे पाऊल वळेना. आनंदीला सांगावं तर ती हातपाय गाळेल. ती आपली रोज कुळथाची पिठी करून, ताटाजवळ बसून, "सगळी संपवा हां," म्हणत होती. दाजी मान खाली घालून भुरकत होते. कसलीशी कडवट लागायची, पण त्यांना वाटायचं, आता आपल्या तोंडालाच चव उरली नाही.

शेवटी ते देवाला कौल लावायला निघाले. आनंदीला म्हणाले, "शेताचो कौल घेवक जातंय." तिला त्यांचा चेहरा बरा दिसेना, म्हणून नारळ घेऊन तीही मागोमाग आली. देवळात शेजारचा बाबली होता, आणखी चारजण होते. गुरवाने देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर भलं, डावी पडली तर वाईट. दाजी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. पाकळी हलेना.

"दाजी, मोठ्यान बोला," गुरव म्हणाला. "लोकांचा बोलताना छप्पर उडवतात, नि आज काय झाला? चोरलेल्या गाऱ्हाण्याक कौल नाय."

दाजींनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! माका परत काळा होता. तोच रोग इलो. अजून मराचा नाय माका! आनंदीक एकटी टाकून जाववत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा" म्हणायला कुणाची जीभ उचलेना. आनंदीच्या हातातला नारळ मात्र धाडकन खाली पडला.

"अहो, काळा होतला नाय तर काय! त्या गोळये कुटून मी तुमच्या पिठीत घालतंय! लोखंडान काळा होता, डाक्टरांनी तेव्हाच सांगितल्यानी!" आणि ती तिथेच बसून रडायला लागली. "माका सांगूक काय झाला होता? एकटेच मरणाक भियत ऱ्हवलात!"

दोघं तडक कुडाळला गेली. डॉक्टर आधी आनंदीवर उखडले, मग दाजींवर. पोट तपासलं, रक्त तपासलं. म्हणाले, "बहुतेक गोळ्यांचाच रंग आहे. पण तुमचा आजार मोठा, अंदाजावर सोडता यायचं नाही. थोडे दिवस गोळ्या बंद. रंग गेला नाही तर लगेच या."

ते दिवस दोघांना जड गेले. आनंदी रोज सकाळी संडासाच्या वाटेवर उभी राहायची, आणि दाजी बाहेर येऊन नुसती नाही म्हणून मान हलवायचे.

मग एका सकाळी आत बराच वेळ काही हालचाल नाही. आनंदी देवाचं नाव घ्यायला लागली. एवढ्यात आतून तो जुना, छप्पर उडवणारा आवाज आला, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा:

"पिवळा गो आनंदी! पिवळा! संध्याकाळपासून गोळये दी, मी गिळतंय!"

कुंपणापलीकडे बाबली दात घासत होता. त्याने तोंडातली राख थुंकली आणि हात जोडून ओरडला,

"व्हय म्हाराजा!"