समुद्राचा तळ ढवळू नका म्हणणाऱ्या बाई

पाण्याचा ग्लास हातात आला की बाई तो आधी खिडकीच्या उजेडात धरायच्या, मगच घोट घ्यायच्या. स्टाफरूममध्ये आम्ही चिडवायचो, "बाई, फिल्टरचं आहे." त्या म्हणायच्या, "असू द्या. मढची सवय आहे."

मढ हे डोंगरातलं गाव, त्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथे उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डा करून पाणी काढतात, त्याला झिरा म्हणतात. वाटीनं अलगद पाणी घ्यायचं. घाईत कुणी तळ ढवळला, तर गाळ खाली बसेपर्यंत सगळ्यांनी हंडे ठेवून थांबायचं, असा वाडीचा नियम. आमच्या बाई त्या रांगेत वाढल्या आणि पुढे मंचरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागल्या. मी तिथेच मराठी शिकवतो.

त्यांचा जीव मात्र समुद्राच्या तळाशी अडकलेला. जिथे उजेडही पोचत नाही, तिथे धातूचे गोळे पसरलेत आणि ते यंत्रानं उकरून काढायचा घाट घातला जातोय. उकरलं की गाळ उठणार, लांबवर पसरणार आणि तिथले जीव गुदमरणार. नुकसान किती होईल ते पुरतं कळेपर्यंत या खाणींना स्थगिती द्या, एवढीच बाईंची मागणी. त्यासाठी देशोदेशीच्या लोकांबरोबर त्या वर्षानुवर्षं झगडत होत्या. या खाणींना परवानगी द्यायची की नाही हे जिथे ठरतं, त्या परदेशातल्या मोठ्या सभेला दर पावसाळ्यात बिनपगारी रजा टाकून जायच्या.

"बाई, मंचरला समुद्र कुठे आहे?" प्राचार्यांनी एकदा विचारलं.

"नाही ना सर. म्हणजे आपला यात काही फायदा नाही. मग आपलं बोलणं लोकांना खरं वाटेल."

प्राचार्यांनी रजेवर सही केली.

मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याला त्यांनी बटाटा उचलून दाखवला होता. "एवढा असतो बघा तो गोळा."

"मंग काढायचा की मॅडम. आमी न्हाई का उकरत?"

"बटाटा तीन महिन्यांत परत येतो, भाऊ. हा व्हायला लाखो वर्षं लागतात. आणि त्याच्यावरच जीव राहतात."

व्यापाऱ्यानं तो बटाटा त्यांच्या हातातून घेऊन निरखला. "लई अवघड काम घेतलंय राव तुमी," म्हणाला आणि चार बटाटे त्यांच्या पिशवीत टाकले.

त्या सभेत बाईंसारख्यांना बोलायला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. एका वर्षी बाईंनी झिऱ्यातला गाळ पुडीत बांधून नेला. तो विमानतळावरच काढून घेतला. आता अशा सभेला पुडीत गाळ बांधून कोण नेतं, तुम्हीच सांगा. पण बाई हटल्या नाहीत. हॉटेलच्या कुंडीतली माती घेतली, सभेत ग्लासभर पाण्यात ढवळली आणि म्हणाल्या, "माझं बोलणं संपेपर्यंत हा गाळ बसणार नाही." कुंडीत निघाली निव्वळ वाळू. दोन वाक्यं होईतो पाणी स्वच्छ. सभागृह हसायला लागलं.

"मला रडूच येणार होतं," बाई सांगायच्या. पण रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला. एका ग्लासाचा चुकला. उद्या तुमचा समुद्राचा चुकला तर काय करणार?"

हसणं थांबलं. एका बेटावरची कोळीण त्या सभेला आली होती. ती बाहेर येऊन बाईंच्या गळ्यात पडली आणि दोघी मैत्रिणी झाल्या. बाई हा किस्सा स्वतःची फजिती म्हणून सांगायच्या. मला मात्र तो ऐकताना दर वेळी त्यांचा अभिमान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात बाई आजारानं गेल्या. स्टाफरूममध्ये अजून करमत नाही.

यंदाची सभा त्यांच्याशिवाय झाली. बेटावरच्या मैत्रिणीनं मला फोनवर कळवलं की खाणींना अजून परवानगी मिळालेली नाही, आणखी एक वर्ष हाती आलंय. हे बाईंच्या घरच्यांना फोनवर सांगावंसं वाटेना, म्हणून मढला गेलो. बाईंची भावजय खाचरात भाताची लावणी करत होती. मी बांधावरूनच सांगितलं.

ती कंबर धरून उभी राहिली. "बरं झालं. वन्संचा जीव त्यातच व्हता." मग हातातली रोपं तशीच धरून म्हणाली, "पर सर, पुढल्या साली तिथं कोण जाणार?"

त्या सभेत बाईंच्या जागी उभं राहायला आम्ही कॉलेजातल्यांनी अजून कुणालाच शोधलं नव्हतं.