राखेतले रोडगे

परदेशातून नातवंडं येणार म्हटलं, की घरचं जेवण तुम्ही त्यांच्यापासून दूर का ठेवता?

या हिवाळ्यात मी परदेशातून माझ्या दोन्ही लेकरांना घेऊन वलगावला मामांच्या शेतात गेले. रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजत होते, चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. माझ्या लेकरांसमोर मात्र मामांनी अमरावतीहून आणलेला पिझ्झा ठेवला.

"तुह्या लेकराईले हे राखेतलं कसं देऊ?" ते म्हणाले.

"म्हंजे हे घरचे नाहीत काय? तुमीच त्याईले पाहुणे करून ठेवता, मामा!" मी कडाडले.

"पयले जेव, मंग भाषण दे," मामी म्हणाली.

तेवढ्यात माझी धाकटी पिझ्झा सोडून मामांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्या ताटातला तुपात बुडवलेला रोडगा खाऊ लागली. तिच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं. मामांनी राख झटकून दुसरा रोडगा फोडला आणि थोरल्याला हाक मारली.

तुमच्याकडेही अशी लेकरं येतील. त्यांचं ताट वेगळं वाढू नका. त्यांना आपल्याच पंगतीत बसवा.