खालच्या गावचा नारळ

श्रीकरवीरनिवासिनी जगदंबेस आणि पंचगंगामाईस साष्टांग प्रणिपात करून, आज गंगादशहऱ्याच्या पर्वावर एका नारळाची आठवण लिहितो.

नव्वदच्या दशकात आमचे बिऱ्हाड शिवाजी पेठेत होते. दर कार्तिकात मी सायकलीने नदीकाठच्या एका गावी पूजा सांगण्यास जात असे. तेथे गावकीचा लहानसा दगडी बंधारा होता. हे वरचे गाव; बंधाऱ्याच्या पुढे, प्रवाहाच्या वाटेवर खालचे गाव. पावसाळा सरला की खांबांमधले गाळे लाकडी फळ्यांनी बंद करून पाणी अडवीत. त्या फळ्यांना बरगे म्हणत. अखेरचा बरगा मात्र खालच्या गावच्याच हातांनी बसायचा, आणि त्यासाठी वरच्या गावाने नारळ धाडून आवतण द्यायचे. तो नारळ खालच्यांनी न फोडता जपायचा. चैत्रात त्यांचा डोह आटू लागला की तोच घेऊन यायचे; नारळ बंधाऱ्यावर आला की वरच्यांनी बरगा उचलायचा. याहून वेगळा करार कधी झाला नाही.

एका वर्षी पावसाने ओढ दिली. घाईघाईत वरच्या गावच्या कारभाऱ्यांनी नारळ धाडण्याऐवजी खालच्या गावातल्या किराणा दुकानात टेलिफोन केला. कलशात सप्तनद्यांचे आवाहन झाले, आरती झाली, ऊन चढले. खालचे कोणी येईना. एकच गाळा उघडा, आणि त्यातून पाणी धो धो चाललेले.

"घाला बरगा," कारभारी म्हणाले. "त्यास्नी गरज न्हाय, तर आपुन कशापायी थांबायचं?"

गड्यांनी बरगा बसवायला उचललाही. तोच डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेली खालच्या गावची एक मावशी काठाने येताना दिसली. डोहालगतच्या मळईत, म्हणजे नदीच्या गाळाच्या पट्टीत, तिची वांगी होती. डोह आटला की वांगीही जळायची.

"जयभीम, काका," मला म्हणून तिने त्या बरग्याकडे पाहिले. "कारभारी, आमच्याबिगर?"

"फोन केलता की, मावशी!"

"आमची मंडळी पारावर नारळाची वाट बघत बसल्यात. आन् चैतात डोह आटला, तर डोक्यावर काय घिऊन येऊ? दुकानदाराचा फोन?"

गडी हसले. कारभारी हसले नाहीत. "दुसरा नारळ आनलाच न्हाय," ते पुटपुटले. "एक हाय, त्यो पूजेत बसलाय."

मी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, आणि कलशावरचा नारळ त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिच्या पाटीत ठेवला.

"मानसं लवकर धाडा, मावशी. पानी चाललंय."

"चाललंय ते आमच्याकडंच चाललंय की!" म्हणत ती बाजार सोडून माघारी वळली. दुपार व्हायच्या आत खालची मंडळी आली आणि त्यांच्या हातांनी अखेरचा बरगा बसला.

चैत्रात तो नारळ परत आला. वरच्या गावचा ऊसही तेव्हा पिवळा पडू लागला होता. काठावर वरच्यांची कुरकुर चालू होती. कारभाऱ्यांनी नारळ कानाशी धरून हलवला. आतले खोबरे सुकून खुळखुळत होते. ते उसाकडे पाहत क्षणभर थांबले. मग "आलास का, बाबा," म्हणत स्वतः पाण्यात उतरले आणि बरग्याला हात घातला.

पाणी खाली धावले. बंधाऱ्यावरच नारळ फोडला. मावशीने पहिला तुकडा त्यांना दिला. "चावा, कारभारी. डोह हाय तवर तुमाला वांगी बी हाईत."

पुढे नव्या शतकात तेथे लोखंडी दारे आली. पाणी सरकारी हुकमाने सुटू लागले, आणि नारळ धाडण्याचे कारण उरले नाही. मावशीही गेली, कारभारीही गेले. मी मात्र कलशावर ठेवण्याआधी नारळ अजून कानाशी धरतो.

वाचकहो, आपल्या घरची घागर सदैव भरलेली असो. आपल्या दारावरून पुढे जाणारे पाणी खालच्या दारीही पोहोचो, आणि तेथल्या मळईची वांगी आपल्या ताटात येवोत. शुभं भवतु.