फूल हवेत असलं तरी

मुळगावात देवकी परबला देवकी म्हणणारी दोनच माणसं: तिची आई सुमंगला आणि शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई. बाकी सगळा गाव तिला ब्राझील म्हणायचा. चौऱ्याण्णव साली फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, तेव्हा तिच्या बाबांनी, दत्तारामनं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिला पिवळा शर्ट आणला. पोरगी तो घालून बॅडमिंटन खेळायला उतरली आणि संपलंच! फुटबॉलला तिनं उभ्या जन्मात पाय लावला नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

खेळायची जागा म्हणजे ग्रामदेवीच्या देवळासमोरचा पत्र्याचा मंडप, जत्रेला जिथं नाटकं होतात तो. उघड्यावर खेळायची सोयच नव्हती. खाणीचे ट्रक दिवसभर धडधडत जायचे, त्यातला एक खुद्द दत्तारामच चालवायचा. त्या तांबड्या धुळीत आणि वाऱ्यात फूल कुठून टिकणार? शटलला आमच्याकडे फूलच म्हणतात. गोवा घटक राज्य व्हायच्या आधीपासून मराठी की कोंकणी यावर मोठमोठी माणसं भांडून दमली, पण आमच्या मंडपात नाटक मराठीत, शिव्या कोंकणीत आणि गुण मोजायचे ते इंग्रजीत, असं केव्हाच ठरून गेलं होतं.

मंडप वापरायला कुणाची ना नव्हती. अट होती ती एका माणसाची, सगुणची. देवळातली झाडलोट, दिवाबत्ती आणि घंटा सांभाळणारा हा म्हातारा. राग कायम नाकावर. "घांट जाली म्हणजे खेळ बंद. फूल हवेंत आसलें तरी!" आरतीची घंटा सुरू झाली की रॅकेट खाली, हात जोडलेले. तो गुण कुणाचाच नाही. एकदा देवकीनं एक फटका चोरून मारला, तर सगुणनं ते फूल उचलून आठ दिवस तेलवातींच्या फडताळात कोंडून ठेवलं. पुन्हा तसं करायची कुणाची टाप नव्हती.

नवव्या वर्षापासून देवकी या अटीत वाढली. आणि खेळायची काय! मंडपाच्या तुळया खाली, म्हणून फूल उंच मारायची सोय नाही. त्यामुळे तिचा फटका सपाट आणि जाळीला घासून जाणारा. शहरातल्या मुली त्या फटक्यापुढं गोंधळून जायच्या. पंधराव्या वर्षी गोव्याच्या ज्युनियर संघाच्या निवड चाचणीसाठी तिला म्हापशाला बोलावणं आलं.

सुमंगलेला हा खेळ पसंत नव्हताच. "निवड झाली तर खेळ. नाही झाली तर दहावीनंतर डिचोलीला टायपिंगचा क्लास," तिनं आधीच सांगून टाकलं. दत्तारामनं मान हलवली. बायकोपुढं त्याची मान एकाच दिशेनं हलायची.

म्हापशाच्या हॉलमध्ये शेवटचा सामना मडगावच्या प्रियाशी. जी जिंकेल ती संघात. एक गेम हिचा, एक तिचा. तिसऱ्यात देवकी दहा-आठ पुढं होती, सर्व्हिस तिचीच, अकराला सामना संपणार. एक गुण, फक्त एक! फूल तिच्याकडे असं अलगद आलं की डोळे मिटून मारलं असतं तरी चाललं असतं. आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या कपेलाची, म्हणजे त्या छोट्या चर्चची, दुपारची बाराची घंटा वाजली.

देवकीनं रॅकेट खाली केली आणि हात जोडले.

फूल तिच्या पायाशी पडलं. हॉलमध्ये हसण्याची अशी लाट उठली की विचारू नका. प्रिया बिचारी भांबावून बघत राहिली. अंपायरनं सर्व्हिस ओव्हर म्हणत सर्व्हिस प्रियाला दिली, तेव्हा देवकीला आपण काय केलं ते कळलं. त्यानंतर ती मारेल ते फूल जाळीत अडकायला लागलं. दहा-आठची दहा-अकरा झाली.

परतताना दत्तारामनं तिला उंडो, म्हणजे आपला गोल पाव, आणि भाजी घेऊन दिली. तिनं उंडो नुसता कुस्करला. गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून ब्राझीलची "घांट" झाली. पोरं लांबून टण्ण टण्ण करायची. देवकीनं पिवळा शर्ट ट्रंकेच्या तळाशी घातला आणि मंडपाकडे जाणंच सोडलं. राग कुणाचा आला होता म्हणाल, तर सगुणचा. सरळ सगुणचा.

पंधरा दिवसांनी म्हातारा स्वतःच दारात उभा राहिला. कुणाच्या दारात न जाणारा माणूस! सुमंगलेनं पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही.

"बाय, थांबपाक तुका हांवें शिकयलें," तो देवकीला म्हणाला. "आतां न थांबपाक कोण शिकयतलो?"

"कुणी नको. मी टायपिंग शिकते."

"शिक मगे. पूण एक वर्स म्हाका दी." मग सुमंगलेकडे वळून म्हणाला, "चूक म्हजी, वहिनी. हिची न्हय."

सुमंगलेनं वर्ष दिलं. म्हाताऱ्याचा तो उतरलेला चेहरा तिलाही बघवला नाही.

सगुणला काय करायचं होतं ते साधं होतं: देवकी खेळत असताना अवेळी घंटा वाजवायची आणि तिला थांबू द्यायचं नाही. पण देवीची घंटा अवेळी वाजवायची म्हणजे काय गंमत आहे? त्यानं भटजींना कौल लावायला सांगितला. मूर्तीला डावी-उजवीकडे ओल्या कळ्या लावल्या, देवीला विचारलं, आणि सगळे वाट बघत बसले. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवकी खांबाआड उभी होती. आपल्याला काही फरक पडत नाही असं ती स्वतःला बजावत होती, आणि नजर मात्र उजव्या कळीवरून हलत नव्हती. बऱ्याच वेळानं उजवी कळी पडली.

मग गावात एकच गोंधळ! दुपारी चारला घंटा, साडेचारला घंटा. पहिल्या दिवशी, देवीला रोज तेल घालणारी रुक्मिणी मावशी आरती चुकली म्हणून तेलाची बाटली घेऊन धावत आली आणि सगुणला नको नको ते बोलून गेली. देवकीचे हात आपोआप जुळायचे. "हात सोड! खेळ गे!" सगुण ओरडायचा, आणि लगेच देवीकडे तोंड करून स्वतःच्या गालावर मारून घ्यायचा. खऱ्या आरतीच्या आधी मात्र तो तिला घरी पिटाळायचा. देवीची खरी घंटा आणि तेव्हा चालू असलेला खेळ, हे पाप त्याला तिच्या माथी नको होतं.

वर्षानं तोच हॉल, तीच प्रिया. यंदा देवकीनं पिवळा शर्ट घातला होता. दुसऱ्याच गेममध्ये अकरा-सहा करून ती संघात आली. पुढं चार वर्षं ती गोव्याकडून खेळली, मग डिचोलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. पण सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं.

संध्याकाळी ती धावत मंडपात आली. सगुण वाती वळत होता.

"जिंकलें?"

"जिंकले!"

"कपेलाची घांट जाली?"

"झाली म्हणे. बाबांनी ऐकली."

"आनी तुवें?"

"मला नाही ऐकू आली," देवकी हसत म्हणाली.

म्हाताऱ्याला हेच तर हवं होतं. वर्षभर त्यानं त्याच्यासाठी गाल लाल करून घेतले होते. पण तो हसला नाही. "बरें जालें," एवढं म्हणून पुन्हा वाती वळू लागला.

धाकट्या मुलींनी देवकीला खेळायला ओढलं. आज तिला घरी पिटाळायचं सगुणला सुचलं नाही. आरतीची वेळ झाली, त्यानं घंटेचा दोर धरला आणि टोला दिला. मंडपातल्या सगळ्या रॅकेटी खाली गेल्या. देवकीनं मात्र फटका मारला. फूल जाळीला घासून पलीकडे गेलं आणि हात जोडून उभ्या असलेल्या चिमुरड्या अंकिताच्या पायाशी पडलं. ते परत का येत नाही म्हणून देवकी पवित्र्यात तशीच उभी.

आरतीला घंटा किती वेळ वाजवायची हे चाळीस वर्षांत सगुणनं कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी चुकवलं. भटजी पेटलेली निरांजनं घेऊन ताटकळले, रुक्मिणी मावशी कुरकुरू लागली, पण हा डोळे देवकीवर लावून टोले देतच राहिला. देवकीनं एकदा अंकिताच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा सगुणच्या हातातल्या दोराकडे. मग तिचा चेहरा एकदम उतरला, तिनं रॅकेट खाली ठेवली आणि हात जोडले.

तेव्हा कुठं सगुणनं दोर सोडला.