सेल्फ लांबतो तो कुणामुळं

गाडीचं बॉनेट उघडलं की आमच्या आळीतले पुरुष न बोलावता जमतात. मयतीला निरोप धाडावा लागतो, बॉनेटला लागत नाही. हात मागं बांधायचे, वाकून आत बघायचं, आणि एकेकानं एकेक रोग सांगायचा. आत बोट मात्र कुणी घालायचं नाही, बोट काळं होतं.

गाडी माझ्या लेकाची. तो फौजेत, लांब तिकडं बर्फात. कुणाची तरी वापरलेली पेट्रोलची गाडी घेतली आणि चावी बायकोच्या हातात ठेवून परत ड्युटीवर गेला. सून कराडला एका लॅबोरेटरीत आहे, रक्त तपासायच्या कामाला. आमचं गाव उंब्रजपासून आत. पहिली एस्टी येते ती चांगलं ऊन पडल्यावर. आणि रक्त द्यायला माणसं येतात सकाळी, उपाशीपोटी. चहासुद्धा न घेतलेल्या माणसाला जरा थांबा म्हणून बघा, कसा बघतो तुमच्याकडं! म्हणजे गाडी आहे तोवर सुनेची नोकरी, एवढी साधी गोष्ट.

तर गेल्या थंडीत त्या गाडीनं खोड काढली. सकाळी चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरायचा आणि इंजिन काही पेट घ्यायचं नाही. दळण घातल्यागत घरघर चालायची. शेजारची म्हैस दावं ओढायला लागली की मग कुठं गाडी भुर्र व्हायची.

"वयनी, गाडीला बाईमाणसाचा हात लागलाय," आमचे धाकटे दीर म्हणाले. "सेल्फ मारायला बी हात लागतो."

"म्हंजे कसला हात, भावजी?"

"ते सांगून येत न्हाई. अंगात असावं लागतं."

भावजींच्या अंगात ते होतं. मागं त्यांनी ट्रॅक्टर शेणाच्या खड्ड्यात घातला होता, पण तो ट्रॅक्टरचा दोष. ते रुबाबात सीटवर बसले, चावी फिरवली. तेवढीच घरघर, उलट थोडी जास्तच. खाली उतरून म्हणतात कसे, "बघा, सवय बिघडवून ठिवलीय पोरीनं!" आता ह्याला काय म्हणावं?

मग रोज एक डॉक्टर. पेन्शनवर आलेले सुभेदार म्हणाले, बॅटरी डाऊन. नवी बॅटरी बसवली. घरघर आणखी जोरात व्हायला लागली, एवढाच फरक. साखर कारखान्यातले एक म्हणाले, प्लग. प्लग बदलले. एकानं नजर लागलीय म्हणून लिंबू-मिरची बांधली, ती तर फार शोभून दिसली. आणि ज्याला काहीच सुचायचं नाही तो सुनेकडं बघून मान हलवायचा.

आमचे मालक इतके दिवस लांब ओट्यावर बसून होते. तंबाखू मळत सगळं ऐकत होते. मला वाटलं, हा माणूस तरी विचार करतोय. केला. रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "चावी माझ्याकडं ठिवायची. सेल्फ जळून जाईल. गरज लागंल तवा धाकटा चालवंल."

धाकट्याला गरज कसली, ते मला ठाऊक होतं. भावजींना शिराळ्याच्या सासुरवाडीला एस्टीनं जायची लाज वाटायला लागली होती.

सून भाकरी वाढत होती. "मग मी कामाला कशी जाऊ, मामा?"

"एस्टी न्हाई व्हय?"

"एस्टी यायच्या आत माझी माणसं वाट बघून घरला जात्यात. लॅबची मालकीण दुसरी बाई ठिवंल."

"मग जाऊ नगंस," भावजी म्हणाले, आणि आमटीची वाटी पुढं केली. वाढायला तिनंच!

पोर रडली नाही. आमटी वाढली आणि म्हणाली, "आयतवारपतोर चावी माझ्याकडं राहू द्या. न्हाई दुखणं घावलं तर घ्या."

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्ती, दुपारी लॅबमधनं कराडच्या बाजारात गेले, लगेच परत चावी फिरवली तर एका झटक्यात चालू होती. रातभर उभी राहिली की मगच असं. दुपारी माझा हात बदलतो व्हय?"

मला हे पटलं. इतकी माणसं वाकून बघून गेली, पण कधी होतं आणि कधी होत नाही, हे एकानं विचारलं नव्हतं.

मग तिनं मला मागच्या सीटवर कान लावून बसवलं. चावी अर्धीच फिरवली. सीटखालून बारीक घूं असा आवाज आला आणि थांबला. "ह्यो पेट्रोलचा पंप. टाकीतनं इंजिनकडं पेट्रोल ढकलतो." चावी बंद केली, परत अर्धी फिरवली, परत घूं. असं काही वेळा करून मग सेल्फ मारला. मारला म्हणेपर्यंत गाडी चालू! त्याच्या दुसऱ्या सकाळी घूं न करता मारला, तर पुन्हा आपलं दळण.

"रातभरात नळीतलं पेट्रोल माघारी जातंय, आत्ती."

मला हसूच फुटलं. आमच्या हिरीवरच्या मोटरीचं अगदी हेच. पाण्यात बुडलेल्या पाइपाच्या तोंडाला झडप असते, फूटव्हॉल म्हणतात. ती गळकी झाली की मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी मोटर नुसतीच फिरते. आधी वरनं पाणी ओतून पाइप भरावा लागतो. आणि तो भरतं कोण? भावजी! कळशीनं, शिव्या घालत. बटण दाबते मी. मोटरीला बाईमाणसाचा हात लागलाय, असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बटण दाबायला स्वतः उठावं लागलं असतं.

रविवारी आम्ही गाडी कराडच्या मेस्त्रीकडं नेली. मालक आले, भावजी तर निकाल ऐकायला नवा शर्ट घालून आले. मेस्त्रीसुद्धा आधी भावजींकडं बघूनच बोलायला लागला, "पेट्रोल कुठं भरता?" सून मधी पडली आणि सकाळचं, दुपारचं, घूं आवाजाचं सगळं तिनं सांगितलं. मग त्यानं पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ लावलं. गाडी चालू असताना काटा वर, बंद केली की काटा भसकन खाली. पुन्हा चालू करून बंद केली आणि लगेच टाकीकडची नळी चिमट्यानं आवळली. काटा जाग्यावर राहिला.

"पुढं कुठं गळत न्हाई. टाकीतल्या पंपाचा व्हॉल गेलाय," मेस्त्री म्हणाला. "माघारी जातंय सगळं."

"मी पयल्यापासनं म्हणतोय, पंपाचंच काय तरी हाय," भावजी म्हणाले.

"मग आधी का न्हाई आणली, काका?" मेस्त्रीनं विचारलं.

भावजींना एकदम भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचायची गरज लागली.

पंप नवा बसला. सोमवारी मालकांना दाढ दाखवायला कराडला जायचं होतं. चावी माझ्याकडं द्या, असं आदल्या रात्री कुणी म्हणालं नव्हतं. ती सुनेच्या पर्समध्येच होती. मालक तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं चावी फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. मी दारात उभी होते, काच खाली होती, म्हणून मला नीट ऐकू आलं.

मालक समोर बघत म्हणाले, "आज थंडी कमी हाय."

"व्हय मामा," सून म्हणाली. "पट्टा लावा."