उंबरठ्यासाठी करवत

सासूबाई पडल्या, त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या, आणि आमच्या घराला आतूनही एक उंबरठा आहे हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

गिरगावातलं आमचं घर म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, मागे स्वयंपाकघर, आणि तिथली मोरी वाढवून बांधलेलं संडास-बाथरूम. दोन्ही खोल्यांच्या मध्ये जुना सागवानी उंबरठा, तीन बोटं उंच. आम्ही तो दिवसभर ओलांडत असतो आणि पायाला कळतही नाही. वॉकरची चाकं मात्र तिथे अडत. मग कुणीतरी वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा, सासूबाईंचा दंड धरायचा आणि त्यांनी पाय उचलायचा. डॉक्टर म्हणाले होते, "संडासला त्यांना एकटीनं जाऊ द्या, तोच व्यायाम." डॉक्टरांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, उंबरठा कापून टाकू.

"मी असेपर्यंत या घराचा उंबरठा कुणी कापणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याच्यावर कुणी पायही द्यायचा नाही. वरून फळ्याबिळ्या टाकून तो झाकायचा नाही, सांगून ठेवते."

बाहेरच्या दाराच्या उंबरठ्याला त्या रोज हळदकुंकू लावत, तसं या आतल्यालाही. पडल्यापासून वाकता येत नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी घाईत कुंकू नीट लावत नाही अशी तक्रारही होती. मी वाद घातला नाही. उंबरठा राहू दे, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतार करू, मधला माथा उघडा ठेवू. चाकं वरून गेली तर चालतील, पाय नको, असं ठरलं.

मी सुताराला बोलावणार होते. माझ्या नवऱ्याला ते लागलं. तो विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झाला होता आणि आता हातानं काहीतरी करायचं हे त्याच्या डोक्यात होतं.

"दोन फळ्यांसाठी सुतार? मी करतो. फक्त एक मशीन लागेल."

ते मशीन म्हणजे कॉर्डलेस मायटर सॉ. टेबलावर ठेवायची करवत. गोल पातं वरून खाली दाबायचं, की हव्या त्या कोनात लाकडाची पट्टी कापली जाते. बॅटरीवर चालते. बॅटरीचीच का, तर आमच्या इमारतीतल्या वायरी इमारतीइतक्याच जुन्या. मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज जातो. शिवाय कापाकापी करायची गच्चीवर, आणि गच्चीत प्लग नाही. इथपर्यंत मला पटलं. मी परळच्या एका हॉस्पिटलात औषधांचं भांडार सांभाळते. काय हवं, किती हवं, कोण देतं, एवढं कळलं की खरेदी होते, अशी माझी समजूत आहे.

त्याची खरेदी वेगळ्या पद्धतीनं चालते हे मला प्रेशर कुकर घेताना कळायला हवं होतं.

आधी व्हिडिओ सुरू झाले. जेवताना ताटाशेजारी मोबाइल, त्यात कुठल्याशा थंड गावातला एक दाढीवाला माणूस लाकूड कापतोय. मग शब्द यायला लागले. ब्रशलेस. स्लायडिंग. दातांची संख्या. मला दातांचं एकच कळत होतं, की ते मी आवळून धरले होते. मग रंग आले. हिरव्या कंपनीची बॅटरी निळ्याच्या मशीनला बसत नाही, पिवळ्याची कुणालाच बसत नाही, म्हणून एकदा रंग ठरला की ड्रिल, पॉलिशर, सगळं आयुष्य त्याच रंगात काढायचं.

"आपल्याकडे ड्रिल कुठे आहे?" मी विचारलं.

"नाही. पण उद्या घेतलं तर?"

खालच्या मजल्यावरचे काका सल्ला द्यायला वर आले. त्यांच्या भाच्यानं कधीतरी निळं मशीन घेतलं होतं आणि त्याची बॅटरी गेली होती. झालं. निळं बाद. दोन दिवसांनी कळलं की भाच्यानं ते पाण्यात पाडलं होतं. निळं पुन्हा यादीत.

अधूनमधून तो लोहार चाळीत, नागदेवीला, एकदा दादरला दुकानं बघून यायचा. हात हलवत परत यायचा आणि खूश असायचा. जणू काही आणलंय.

"अरे, माझ्या हयातीत होणार आहे का ते?" सासूबाई विचारायच्या.

"आई, घाई केली की चुकीची वस्तू गळ्यात पडते."

"मी काय वस्तू मागतेय? मला पलीकडे जायचंय."

शेवटी एका शनिवारी मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गेले. आज घेऊनच यायचं, असं घरातून निघताना सांगितलं. सासूबाईंना बाथरूमला नेऊन आणलं, स्टुलावर तांब्याभांडं ठेवलं, शेजारच्या वहिनींना मध्ये डोकवायला सांगितलं.

लोहार चाळीतलं दुकान एवढंसं, माल फुटपाथपर्यंत. दुकानदारानं माझ्या नवऱ्याला पाहिल्याबरोबर स्टूल पुढे केलं. ओळख जुनी दिसली.

"आइए साहेब. आज तरी नक्की ना?"

"आज नक्की," मी म्हटलं.

त्यानं तीन मशीनं काढली. नवरा वाकून प्रत्येकाचं पातं खालून, वरून, बाजूनं बघायला लागला. हँडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. एका चार्जिंगमध्ये किती कट, बॅटरी गरम होते का, भुसा कुठून बाहेर पडतो. दुकानदार सगळ्याची उत्तरं देत होता आणि मधूनमधून दुसऱ्या गिऱ्हाइकांना वस्तू देत होता. चौथ्यांदा भुशाचा विषय निघाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी तळहात तिरका धरून दाखवला. "मला एवढंच सांगा. असा लांबट उतार याच्यावर कापता येतो का? जाड फळी, एका टोकाला तीन बोटं, दुसऱ्या टोकाला शून्य."

"उतार?" तो म्हणाला. "मॅडम, ये तो कोना काटता है. फ्रेम बनवायची, पट्टी कापायची, एकदम सफाई. पण असा लांब उतार नाय होणार ह्याच्यात."

मी नवऱ्याकडे बघितलं.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "उताराचा सांगाडा दुसरीकडून कापून घेऊ. वरच्या पट्ट्यांसाठी हे लागेलच."

"म्हणजे उतार बाहेरूनच आणायचा होता?"

"सांगाडा. फक्त सांगाडा."

आजूबाजूला गिऱ्हाइकं होती म्हणून मी फक्त खोक्याची उंची विचारली. घरात कुठे ठेवणार हा प्रश्न एवढ्या दिवसांत त्यानं कुणालाच विचारला नव्हता. आमच्याकडे माळा भरलेला, कपाटं भरलेली. मोकळी जागा म्हणाल तर सासूबाईंच्या पलंगाखाली, आणि तिथेही जुने पाट. दुकानदारानं टेप लावून उंची सांगितली. पलंगाखाली ती मावेल की नाही ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. नवऱ्याला फार बरं वाटलं. "बघ, घरी मोजल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही." आणि आम्ही रिकाम्या हातानं टॅक्सीत बसलो.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई पलंगावर बसून होत्या. स्टुलावरचा तांब्या काठोकाठ भरलेला, भांडं कोरडं.

"पाणी नाही प्यायलात?"

"तहान नव्हती."

मे महिना. पंख्याची हवासुद्धा गरम.

"वहिनी आल्या नव्हत्या?"

"आली होती की. डोकावून गेली. तिला काय सांगू, मला धर म्हणून? तिचीच कंबर मोडलेली."

मग माझ्या लक्षात यायला लागलं. काही दिवसांपासून दुपारचा चहा नको असायचा. मी हॉस्पिटलातून फोन करून विचारलं, की "आज नको वाटलं," म्हणायच्या. कुठल्या दिवशी नको वाटतं हे मी आठवून पाहिलं. तो दुकानं बघायला जायचा त्या दिवशी. उंबरठ्यापलीकडे न्यायला घरात कुणी नसेल, तर पोटात पाणीच जाऊ द्यायचं नाही, असा त्यांनी हिशेब बसवला होता. मी आणलेलं डायपरचं पाकीट न फोडताच पलंगाच्या पायथ्याशी ढकललेलं होतं. हॉस्पिटलात पाणी कमी पडून आलेले म्हातारे मी रोज बघते. घरातल्या बाईचा भरलेला तांब्या मला दिसला नव्हता.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, कारण मधे फक्त तो उंबरठाच होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि फ्रिजवर उलटा ठेवून दिला.

"सोमवारी पहिलं दुकान उघडल्यावर मी जाते," मी म्हटलं, "आणि पलंगाखाली जी मावेल ती उचलून आणते. हिरवी, निळी, कुठलीही. सांगाडा तू आण. आठवड्यात उतार झाला पाहिजे, नाहीतर सुतार."

"आण," तो म्हणाला.

मोजायचं म्हणून मी जमिनीवर बसून पलंगाखालचे पाट ओढायला लागले. पंगतीचे मोठे, लांबट पाट, सहा. घरात खाली बसून जेवणारं कुणी उरलेलं नाही, पण सेट मोडायचा नाही म्हणून ते तिथे होते. एकेक काढून मागे सरकवत होते. एक पाट सरकून उंबरठ्याला जाऊन टेकला. त्याच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्यांपैकी एक कधीचीच निघून गेली होती, त्यामुळे तो एका टोकानं जमिनीला आणि दुसऱ्या टोकानं जवळजवळ उंबरठ्याच्या माथ्याला लागून पडला.

मी त्याच्याकडे बघत बसले. मग म्हटलं, "वॉकर आण."

नवऱ्यानं वॉकर आणला, पाटावर चढवला. एक चाक चढलं, दुसरं बाहेर लोंबकळलं. पाट अरुंद पडत होता. पण शेजारी दुसरा ठेवला असता तर दाराची रुंदी बरोबर भरत होती.

"दोन इकडे, दोन पलीकडे," मी म्हटलं. "बाकीच्या तिन्हींची एकेक पट्टी काढायची. बस."

"माझे पाट?" पलंगावरून आवाज आला.

"चार लागतील, आई."

"सेट आहे तो सहाचा. सागवानी."

"त्यावर जेवायला कोण बसणार आहे?"

सासूबाईंनी मान उंच करून पाटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उंबरठ्याच्या माथ्यावर नाही ना यायचं काही?"

"नाही. तो उघडाच."

"मग घ्या. कोपऱ्यावर डाग आहे ना, तो पाट ठेवा बाजूला. तो ह्यांचा."

'हे' म्हणजे माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली. तो पाट बाजूला ठेवला.

पुढचं काम नवऱ्यानं केलं, आणि चांगलं केलं हे मान्य करायला हवं. घरातल्या हातोडी-पकडीनं पट्ट्यांचे गंजलेले खिळे उपटले. जमिनीला टेकणारी जाड कड चाकाला अडवत होती. ती त्यानं गच्चीत बसून कानशीनं घासून उतरवली. पाट सरकू नयेत म्हणून खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले. एकदा मोबाइलवर कोन मोजायला लागला तेव्हा मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. रविवारी संध्याकाळी पाट जागेवर बसले.

सासूबाई उठल्या. "कुणी धरायचं नाही," म्हणाल्या. वॉकर पाटावर चढला, चाकं माथ्यावरून खडखडत पलीकडे उतरली. त्यांनी उंबरठ्यापाशी थांबून खाली पाहिलं, पाय उचलला, माथ्याला न लावता पलीकडच्या पाटावर ठेवला, मग दुसरा. आम्ही दोघं दोन बाजूंना हात अर्धवट पुढे करून उभे होतो. त्या आमच्याकडे न बघता बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावली.

"कडी लावू नका, आई," मी म्हटलं.

"लावणार," त्या आतून म्हणाल्या.

करवत त्यानं नंतर घेतलीच. निळी. पाट गेल्यामुळे पलंगाखाली जागा झाली होती आणि खोकं तिथे बरोबर बसलं, हे त्यानं मला दोनदा दाखवलं. आता मोडलेल्या सेटसाठी चार नवे पाट करायचे आहेत. सध्या तो लाकूड निवडतोय. सागवान की शिसम यावर खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन गेले.

मी घरी येते तेव्हा स्टुलावरचा तांब्या रिकामा असतो, आणि भांडं तिथे नसतंच. ते स्वयंपाकघरात धुऊन पालथं घातलेलं असतं. परवा मी तिथे पिशवी टेकवतेय तोच सासूबाई मागून वॉकर घेऊन आल्या, चाकं पाटांवरून खडखडली.

"चहाच्या डब्याची जागा कुणी बदलली?"

"मी. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

"मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि डबा उचलून जुन्या जागी ठेवला.